दहा बाय दहाच्या खोलीत अ‍ॅटमॉस्फेरिक मेटल: जवळ कोण, लांब कोण

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या पूर्व भागात दहा बाय दहाची स्लॅबची खोली, शेजारी यंत्रमाग, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (वाद्य आणि माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), हमबकर पिकअपची गिटार सी स्टँडर्डला (सगळ्या तारा नेहमीपेक्षा दोन पूर्ण सूर खाली) उतरवलेली, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एक शुअर एसएम ५७, एक कंडेन्सर माइक आणि मित्राचा पाच नगी ड्रमसेट. गाण्याचा वेग १६० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १६० ठोके. गिटारचे चार थर चढवले की भिंत उभी राहायच्या ऐवजी नुसता ‘फस्स’ आवाज येतो, रिव्हर्ब (घुमारा) वाढवला की सगळं गढूळ होतं, आणि ड्रम पत्र्याचा डबा बडवल्यासारखे वाटतात.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: सगळी वाद्यं एकाच अंतरावर उभी आहेत. अ‍ॅटमॉस्फेरिक मेटल या शैलीत ज्याला आपण वातावरण म्हणतो ते काही वाद्यं कानाशी आणि काही पार लांब असण्यातून येतं. सगळ्यांवर सारखाच रिव्हर्ब ओतला की सगळीच सारखी मागे जातात, आणि लांबचं लांब वाटायला जवळचं काही उरतच नाही. म्हणून रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी कागदावर तीन रकाने आखा: जवळ, मधे, लांब. बहुतेक गाण्यांत स्नेअर, किक, बेस आणि गिटारची एक जोडी जवळ. सिंबल आणि टॉम मधे. गिटारची दुसरी जोडी लांब. खालचे सगळे आकडे या कागदावरून निघतात.

आधी खोली. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असतील तर मिक्सिंगसाठी याहून वाईट आकार नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, खोली ३.०५ मीटर. ३४३ भागिले ६.१ केलं की ५६ हर्ट्‌झ येतात. ही खोलीची स्वतःची घूम, आणि तिन्ही दिशांना तीच असल्यामुळे ती एकावर एक चढते. किकचं वजन नेमकं ५० ते ६० हर्ट्‌झमध्ये असतं. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर हा पट्टा जवळजवळ गायब, भिंतीला पाठ टेकून बसलात तर नको तेवढा. म्हणून समोरच्या भिंतीपासून पावणेचार ते चार फुटांवर बसा.

सोलापुरात हा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: भिंतींना चादरी लावा. चादर दोन-तीन मिलिमीटर जाडीची. ती फक्त वरचा, सिंबलच्या चकाकीचा भाग शोषते. खालची घूम तशीच राहते आणि खोली डब्यासारखी बोलायला लागते. तुमच्या ‘पत्र्याच्या डब्या’तला थोडा भाग इथूनच आलेला असू शकतो. त्यापेक्षा चार फूट बाय दोन फूट लाकडी चौकटी करा, त्यात घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलच्या ५० मिलिमीटरच्या दोन शीट एकावर एक, वरून हवा जाईल असं कापड, आणि भिंतीपासून तीन-चार इंच मोकळी जागा. पहिल्या चार चौकटी कोपऱ्यांत तिरक्या, पुढच्या दोन स्पीकरच्या बाजूच्या भिंतींवर, एक डोक्यावर स्लॅबखाली. रॉकवूल परवडत नसेल तर टेरी टॉवेल सैल घड्या घालून चौकटीत भरा. सेकंडचा माल मिळाला तरी चालेल, फक्त ठासून भरू नका. एवढं करूनही ५६ हर्ट्‌झ आटोक्यात येणार नाही, कारण त्याची तरंगलांबी सहा मीटर आहे आणि तुमची चौकट चार इंचांची. किकचा तळ हेडफोनवरच ठरवा.

चादरीचं खरं काम दुसरीकडे आहे, ते पुढे येईल.

यंत्रमागाचा आवाज दोन वाटांनी येतो. धोट्याचा खटका हवेतून येतो. दार-खिडकीच्या फटी बुजवल्या की तो बराच कमी होतो. मोटरची घरघर जमिनीतून येते, आणि शहाबादी फरशीवर माइकचा स्टँड थेट उभा असेल तर ती स्टँडच्या पायातून माइकमध्ये शिरते. स्टँडखाली चादर चार घड्या घालून ठेवा आणि माइकला ८० हर्ट्‌झचा हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावा, किकच्या माइकला सोडून. गिटार थेट इंटरफेसमध्ये जाते, त्यामुळे ती माग चालू असतानाही रेकॉर्ड होते. कारखान्याचा सुट्टीचा दिवस ओव्हरहेड, म्हणजे ड्रमच्या वर लावायच्या, माइकसाठी राखून ठेवा. आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरलेला असताना होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांनी तर ओव्हरहेड लावायच्या भानगडीतच पडू नये.

विजेकडे बहुतेकजण बघतच नाहीत आणि मग नॉइज गेटला (वाद्य थांबलं की आवाज बंद करणाऱ्या प्लगइनला) शिव्या देतात. गिटार लावून, काही न वाजवता, दहा सेकंद रेकॉर्ड करा. आता लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा दहा सेकंद. गुणगुण गेली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या आणि लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. अ‍ॅम्प वापरत असाल तर त्याच्या प्लगची अर्थची पिन काढून गुणगुण घालवायचा प्रकार कधीही करू नका, त्यात जीव जातो. चार्जर काढूनही चरचर राहिली तर वर पंख्याकडे बघा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन-तीनवर असताना पिकअपमध्ये बारीक चरचर सोडतो. पूर्ण पाचवर किंवा बंद केला की ती जाते. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करणं म्हणजे शिक्षाच, म्हणून गिटारच्या टेकला पाचवर आणि माइकच्या टेकला बंद, अशी वाटणी करा. त्या दिवसांत तारा तापून सैल पडतात. दर टेकला ट्यून करा.

आता गिटार. सी स्टँडर्डमध्ये सर्वांत जाड तार ६५ हर्ट्‌झवर बोलते. साडेपंचवीस इंच स्केलच्या गिटारला ११-५६ किंवा १२-६० चा संच हवा. १० च्या संचाची जाड तार या ट्यूनिंगला लोंबते आणि जोरात पिक मारला की क्षणभर सूर वर चढतो. चार थरांत प्रत्येकाचा सूर असा थोडा-थोडा वेगळा हलला की तुमचा ‘फस्स’ तयार. ट्यून करताना तार हळू छेडू नका, गाण्यात जेवढ्या जोरात वाजवता तेवढ्याच जोरात मारा. नवा संच लावल्यावर बाराव्या पट्टीवरचा दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळतो का बघा. जाड संच लावला की इंटोनेशन, म्हणजे वरच्या पट्ट्यांवरचा सुराचा मेळ, हमखास सरकतं.

इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंटचं बटण चालू, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, आणि सर्वांत जोरात वाजवल्यावर मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास. लाल दिवा एकदाही लागता कामा नये. कोरी, काहीही न चढवलेली गिटार वेगळी जपून ठेवा, अ‍ॅम्पचा आवाज नंतर कितीही वेळा बदलता येतो. अ‍ॅम्पसाठी न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला पुरून उरतं. त्याच्या आधी ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलचं मॉडेल लावा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. हा पेडल इथे गेन वाढवायला नाही. तो अंदाजे ७२० हर्ट्‌झच्या खालचं पातळ करून मग अ‍ॅम्पला देतो, त्यामुळे जाड तार गुरगुरत सांडत नाही. अ‍ॅम्पनंतर कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची, इम्पल्स फाइल (त्या पेटीचा आवाज नोंदवलेली छोटी फाइल). पण मॉडेलमध्ये कॅबिनेट आधीच असेल तर दुसरी लावू नका. दोन कॅबिनेट एकामागे एक लागले की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो.

गेनबद्दल. एक ट्रॅक एकटा ऐकताना जेवढा गेन छान वाटतो, त्याच्या निम्म्यावर या. एकटा ऐकला तर कोरडा आणि थोडा लाजिरवाणा वाटेल, तसाच राहू द्या. डिस्टॉर्शन प्रत्येक सुराचा माथा चिरडतं. चार चिरडलेले ट्रॅक मिळवले की पिकचा ठसा कुठेच शिल्लक राहत नाही आणि ट्रेमोलो पिकिंग (एकच सूर भराभर छेडत राहणं) गाळणीतून पडणाऱ्या वाळूसारखं ऐकू येतं. चारही ट्रॅक खरेखुरे वेगळे वाजवलेले हवेत. एकच टेक कॉपी करून डावी-उजवीकडे टाकला तर रुंदी येत नाही, नुसता आवाज वाढतो. आणि तो दहा-वीस मिलिसेकंद सरकवला तर मोनोमध्ये, म्हणजे साध्या मोबाइलच्या स्पीकरवर, पोकळ होतो.

जवळची जोडी: ब्रिज पिकअप, पॉवर कॉर्ड किंवा खालची ओळ, पूर्ण डावी आणि पूर्ण उजवी. लांबची जोडी: नेक पिकअप, गेन आणखी कमी, दुसरी इम्पल्स फाइल, आणि मुख्य म्हणजे दुसरे सूर. तीच कॉर्ड वरच्या सप्तकात किंवा उलटी मांडून, दोन-तीन तारांची. चारही गिटार तोच आकार तिथेच वाजवत असतील तर कोणताही प्लगइन त्यांना वेगळं करू शकत नाही. जवळच्या जोडीला ९० हर्ट्‌झचा हाय-पास आणि ९ किलोहर्ट्‌झच्या आसपास लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर). ६५ ची पायरी बेसला सोडून द्या. अडीच ते पाच किलोहर्ट्‌झमध्ये एखादी शिट्टी सापडेल, ती अरुंद कटनं तीन-चार डेसिबल खाली आणा. अशा दोनच शिट्ट्या कापा. सहा-सात ठिकाणी कापाकापी केली की गिटार मेणाची होते. ४०० ते ८०० मधला भाग ‘व्ही’ आकारात पोखरायची सवय असेल तर ती सोडा, कॉर्डचा रंग तिथेच आहे.

रिव्हर्बकडे जरा थांबून बघायला हवं. १६० बीपीएमला एक ठोका ३७५ मिलिसेकंदांचा, एक बार दीड सेकंदाचा, आणि ट्रेमोलोचा एकेक सूर ९४ मिलिसेकंदांचा. तीन सेकंदांचा रिव्हर्ब म्हणजे कोणत्याही क्षणी मागच्या ३२ सुरांची शेपटं हवेत लोंबताहेत. एकच कॉर्ड चालू असेल तोवर हे सुंदर वाटतं. पण बार बदलून सी मायनरवरून ए फ्लॅटवर आलात, की जुन्या कॉर्डमधला जी आणि नव्यातला ए फ्लॅट अर्ध्या सुराच्या अंतरावर दीड-दोन सेकंद घासत राहतात. तुम्ही ज्याला गढूळ म्हणता ते बहुतेक हेच. त्यासाठी ईक्यू फिरवून उपयोग नाही. शेपूट कॉर्डच्या मुदतीत बसवावी लागते.

रिव्हर्ब कधीही गिटारच्या ट्रॅकवर लावू नका. दोन वेगळे बस, म्हणजे फक्त रिव्हर्बसाठीचे ट्रॅक, करा. पहिला जवळच्यांसाठी: डिके (शेपूट विरायला लागणारा वेळ) एक ते दीड सेकंद, प्री-डिले (मूळ आवाज आणि रिव्हर्बमधली उसंत) ६० ते ९० मिलिसेकंद, आणि पाठवायचं अगदी थोडं, बंद केल्यावर उणीव जाणवेल पण चालू असताना दिसणार नाही इतपत. दुसरा लांबच्यांसाठी: डिके तीन ते पाच सेकंद, प्री-डिले शून्य ते १० मिलिसेकंद, वरून पाच किलोहर्ट्‌झला लो-पास. प्री-डिलेचा हा उलटा हिशोब पुष्कळांना चुकीचा वाटतो. पण मोठ्या जागेत कानाशी बोलणाऱ्याचा आवाज आधी पोचतो आणि भिंतीवरून परतणारा बऱ्याच वेळानं. लांबून बोलणाऱ्याचे दोन्ही जवळपास एकत्र पोचतात, आणि त्यातली वरची धार वाटेत झिजलेली असते. लांबच्या जोडीवर मोठा प्री-डिले टाकलात की ती जवळ येऊन उभी राहते आणि सगळी मांडणी विस्कटते. या जोडीचा सेंड (बसकडे जाणारी वाट) प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीचा, ठेवा, म्हणजे कोरडी गिटार पूर्ण खाली ओढून फक्त तिची सावली ठेवता येईल. वलहल्ला सुपरमॅसिव्ह हा मोफत प्लगइन यासाठी छान आहे.

दोन्ही बसवर रिव्हर्बच्या आधी ३०० हर्ट्‌झचा हाय-पास. अ‍ॅबी रोड या स्टुडिओची प्रसिद्ध पद्धत ६०० पर्यंत कापते. या शैलीत तेवढं कापलं तर ऊब जाते. नंतर लांबच्या बसवर रीकॉम्प (रीपरमधला आवाज दाबणारा कॉम्प्रेसर) लावा आणि त्याच्या साइडचेनला, म्हणजे ज्याच्याकडे बघून तो दाबतो त्या चॅनल ३-४ ला, जवळची गिटार जोडा: रेशो ३, अटॅक २० मिलिसेकंद, रिलीज ३०० च्या आसपास, दाब तीन ते पाच डेसिबल. रिफ चालू असताना धुकं मागे सरकतं, रिफ थांबली की पुढे येतं. फेडर हातानं हलवूनही हे जमतं, पण आठ मिनिटांच्या गाण्यात हात दुखतो.

ड्रमसाठी इनपुट दोनच आहेत, म्हणून कशावर पाणी सोडायचं ते आधी ठरवावं लागेल. माझं मत: किकच्या माइकवर सोडा. डबल किक वेगात असेल तर शेवटी सॅम्पलच, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला ठोकाच, लागतो. दुकानात मिळणारी २७ मिलिमीटरची पिझो चकती, जी बझरमध्ये असते, तिला दोन वायर आणि एक पाव इंची जॅक डकवा आणि बीटर लागतो त्या कातड्याच्या कडेला, कड्यापासून दोन इंचांवर, दुहेरी टेपनं चिकटवा. इनपुटचा गेन तळाला ठेवा, पिझोचा झटका जबरदस्त असतो. तरीही लाल लागलं तर चकतीवर टेपचा आणखी एक थर द्या. हा टकटक आवाज मिक्समध्ये जाणार नाही. रीगेट या रीपरमधल्या गेटमध्ये, गेट उघडल्यावर मिडी नोट (सॅम्पल वाजवायची डिजिटल सूचना) पाठवायची सोय आहे, तिनं किकचा सॅम्पल वाजवा. गेटची रिट्रिगर टाळणारी वेळ ६० मिलिसेकंदांच्या आत ठेवा. १६० ला सोळाव्या मात्रांची किक दर ९४ ला येते.

किकच्या पोटात अर्धी चादर गुंडाळून ठेवा, बीटरच्या कातड्याला जेमतेम टेकेल अशी. याच कामाला ती उत्तम आहे. पूर्ण चादर कोंबली तर किक इतकी मरते की ओव्हरहेडमध्ये फक्त पेडलचा खट्‌ उरतो.

कंडेन्सर ओव्हरहेड म्हणून एकटाच, ड्रमरच्या कपाळाच्या थोडा पुढे, स्नेअरपासून एक मीटर वर, स्नेअर आणि किकच्या मधल्या जागेकडे रोखलेला. मोनो ओव्हरहेडला कमी लेखू नका. या शैलीत रुंदी गिटार देते, ड्रम मधोमध असलेले शोभतात. क्रॅश फार पुढे आला तर माइक हलवायच्या आधी ड्रमरला सांगा: सिंबल निम्म्या जोरानं, स्नेअर पूर्ण. ब्लास्ट बीटमध्ये (स्नेअर, किक आणि सिंबल सलग अतिवेगानं) बहुतेकांचा उजवा हात सिंबल तोडतो आणि डावा स्नेअरला गोंजारतो. एका माइकमधून हे नंतर दुरुस्त होत नाही. दोन्ही कातडी दर बोल्टपाशी एकाच सुराला आणा, आणि स्नेअरची जाळी इतकी आवळू नका की ती गुदमरेल. एवढ्या खोलीत ड्रम वाजतो तेव्हा दोघांच्याही कानात इअरप्लग हवेतच.

पिझो किकला जागेवरच ऐकतो. ओव्हरहेडला तोच ठोका दीड मीटर चालून साडेचार मिलिसेकंदांनी मिळतो. सॅम्पल आणि ओव्हरहेड एकत्र वाजवले की तळ पोकळ होतो तो यामुळे. सॅम्पलचा ट्रॅक उशिरा करत एक ते पाच मिलिसेकंद सरकवून बघा, पोलॅरिटी उलटी करून बघा, आणि तळ सर्वांत भरदार लागतो तिथे थांबा. कानांनी ठरवा, पडद्यावरच्या आकृतीनं नको.

स्नेअर ओव्हरहेडमध्ये दबला तर एसएम ५७ लावून फक्त स्नेअरचे वीसेक ठोके वेगळे रेकॉर्ड करा, हळू ते जोरात, आणि तेच सॅम्पल म्हणून खाली पेरा. स्वतःच्याच स्नेअरचा सॅम्पल ओव्हरहेडशी भांडत नाही. सगळेच ड्रम प्रोग्रॅम करायचे झाले तर ब्लास्टमध्ये व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) १२७ ची रांग लावू नका. ९५ ते ११२ मध्ये खालीवर, डावा हात थोडा हलका, आणि एकाच क्षणी तीन हातांची कामं देऊ नका.

आता डबा जाऊन सभागृह कसं यायचं? नव्वदच्या दशकात नॉर्वेतल्या ब्लॅक मेटलची बरीच महत्त्वाची रेकॉर्डिंग बर्गनच्या ग्रीगहालेन या संगीत सभागृहाच्या इमारतीत झाली, आणि त्या ड्रमांमागची हवा आजही नक्कल केली जाते. तुमच्याकडे जिना आहे. प्लॅस्टरच्या भिंती, फरशीच्या पायऱ्या, दोन मजल्यांची उंची: ही फुकटची एको चेंबर आहे. तळमजल्यावर स्पीकर भिंतीकडे तोंड करून ठेवा, त्यातून फक्त स्नेअर आणि टॉम वाजवा, वरच्या वळणावर कंडेन्सर ठेवून रेकॉर्ड करा. सिंबल पाठवू नका, कर्कश होतं. दर गाण्याला शेजाऱ्यांना उठवायचं नसेल तर रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरनं एकदाच स्वीप (खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर) वाजवून जिन्याची इम्पल्स मोजा, डब्ल्यूएव्ही म्हणून बाहेर काढा आणि रीपरच्या ‘रीव्हर्ब’ या प्लगइनमध्ये घाला. भर दुपारी, जिन्यात वर्दळ नसताना. स्वीप चालू असताना वरून कुणी चप्पल वाजवत उतरलं तर तो टेक गेला, कारण ती चटचट प्रत्येक ठोक्याच्या शेपटात विखरून ऐकू येत राहते.

मिक्स कागदावरच्या रकान्यांनुसार उभा करा. ओव्हरहेड आधी, त्याखाली स्नेअर, किक आणि जिना. मग बेस: २०० हर्ट्‌झला दोन भाग, खालचा स्वच्छ आणि मोनो, वरचा डिस्टॉर्ट केलेला. बेस गिटार नसेल तर कुणाची तरी आणा. तिच्याविना गिटारचा तळ कितीही फुगवला तरी भिंत उभी राहत नाही. मग जवळची जोडी, स्नेअर झाकला जायच्या जरा आधीपर्यंत. लांबची जोडी शेवटी, आणि ती ऐकू आल्यावर एक डेसिबल खाली. या टप्प्यावर मास्टरचं टोक उणे सहाच्या आसपास असलं की पुरे. शेवटच्या लिमिटरला उणे १० एलयूएफएसच्या (आवाजाचा एकूण जोर मोजायचं एकक) पलीकडे ढकललंत तर पहिला बळी लांबची जोडी असते: लिमिटर मागचं सगळं ओढून पुढे आणतो आणि एवढा खटाटोप करून मिळवलेलं अंतर मिटतं. ट्रू पीक उणे एकवर.

रेंडर करताना शेवटच्या ठोक्यानंतर किमान आठ सेकंद मोकळे सोडा, नाहीतर पाच सेकंदांच्या रिव्हर्बचं शेपूट मधेच कात्री लावल्यासारखं तुटतं.